गेलेल्यांची ताटं

सौदीतल्या आमच्या वर्कशॉपच्या दारात एक लोखंडी कडी टांगलेली असायची. दोन बोटं रुंदीची पट्टी वाकवून गोल केलेली, आतून बरोबर अठरा इंच. तेलाच्या कामात व्हेसल म्हणून मोठी आडवी बंद टाकी असते. तिच्यात शिरायला कुशीला एक भोक ठेवलेलं असतं, त्याला मॅनहोल म्हणतात. कडी त्या भोकाच्या मापाची. शनिवारी आठवड्याचं काम सुरू व्हायचं. तेव्हा ज्या वेल्डरना आत जायचं असेल त्यांनी सगळ्यांच्या देखत या कडीतून निघायचं, असा आमच्या फोरमननं पाडलेला रिवाज होता. हात वर करायचे, दोघांनी कडी डोक्यावरून खाली ओढायची, पायातून निघाली की पास. अडकली की त्या आठवड्यात बाहेरची कामं. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. पण कागदावरचे नियम आम्ही कितीतरी मोडले, हा कोणी मोडला नाही.

मी रत्नागिरीकडचा, चौथीपर्यंत शिकलेला. चौथीही मास्तरांनी दया केली म्हणून. पण आत आडवं पडून डोक्यावरचा जोड मारावा तर आमच्या कॅम्पात मीच, हे मी आजही कोणासमोरही सांगेन. बाहेर उभं राहून जोड कोणीही मारतो. आत हवा गरम, घाम डोळ्यात, ठिणगी मानेवर, आणि हात हलता कामा नये. ज्याला हे येतं त्यालाच तिकडे उस्ताद म्हणत. मला म्हणत.

एकोणनव्वद साली मी त्या कडीत अडकलो. पोटावर येऊन बसली, खाली जाईना, वरही निघेना. स्टोअरमधल्या गोणी तोलायच्या काट्यावर उभा राहिलो तर शहाण्णव किलो. आमचा फोरमन केरळचा, बोलायला मऊ. तो म्हणाला, "उस्ताद, तुम बाहर बैठो. चाय पियो. उमर हो गया." उमर तेव्हा माझी त्रेचाळीस. सगळे हसले, आणि मी त्याच दिवशी दुपारी भात सोडला.

आठ महिने मी काकडी, बिनतेलाची डाळ आणि अर्धा खुबूस यावर काढले. खुबूस म्हणजे तिकडची पाव-रोटी. आमच्या मेसचा आचारी श्रीवर्धनकडचा, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. सगळा कॅम्प त्याला चाचा म्हणायचा. तो माझ्या ताटात बघायचा आणि म्हणायचा, "काय रे भावा, आज पण काकडी? बकरी हायस काय? उद्या बांधू तुला मागच्या दारात?"

"बांध," मी म्हणायचो. "दूध मागू नको म्हणजे झालं."

मी चौऱ्याहत्तरवर आलो. पुढच्या एप्रिलात कडी माझ्या अंगावरून सरळ खाली पडली, खण्ण वाजली. फोरमननं माझा हात हातात घेतला. घरी फोटो पाठवला तर बायकोचं पत्र आलं, "तुम्ही काही आजारी आहात का ते खरं खरं कळवणे." मी त्या पत्राचा अभिमानच धरला. चार महिने आत जात होतो. ते चार महिने मी कोणाशी वाकडं बोललो नाही.

मग ऑगस्टात इराकनं कुवेत घेतलं.

आमचा कॅम्प रास तनुराच्या अलीकडे, समुद्रापासून जवळ. कुवेतची सीमा काही फार लांब नव्हती. पहिल्या आठवड्यात लोक नुसते रेडिओपाशी बसले. मग ज्यांचे करार संपत आले होते ते निघाले, मग ज्यांच्या बायकांनी तारा केल्या ते, मग ज्यांनी कफीलला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या तिकडच्या मालकाला, हातापाया पडून कागद मिळवले ते. तीनशे माणसांचा कॅम्प. रोज सकाळी एक बस भरायची. जाणारा माणूस चादरीसुद्धा सोडून जायचा. डिसेंबरपर्यंत आम्ही एकोणचाळीस उरलो. मी का राहिलो असं लोक विचारतात. मला कोणी पळ म्हटलं की माझे पाय जमिनीत रुततात, एवढंच खरं उत्तर आहे.

रिकामा कॅम्प कसा असतो हे सांगायला पाहिजे. खोल्यांची दारं वाऱ्यानं उघडमीट करायची. नळाखाली कोणाची तरी बादली, त्यात पाणी, पाण्यावर वाळूची साय. मी कामावरून यायचो तेव्हा शंभर खोल्यांवरून चालत जावं लागायचं, आणि प्रत्येक दारातून आत एक पलंग दिसायचा, त्यावर मध्ये खोलगट. माणसाच्या अंगाच्या मापाचा खड्डा. माणूस नाही, त्याचं माप मात्र तिथंच पडलेलं.

पण मेस तशीच चालू होती. राशनची गाडी दर आठवड्याला यायची आणि तीनशे माणसांचं सामान उतरवून जायची, कारण कुठल्यातरी ऑफिसात तो कागद बदलायचा राहिला होता. आणि चाचा ते सगळं शिजवायचा. मी त्याला म्हटलं, "चाचा, चाळीस माणसं आहोत. कोणासाठी देगच्या चढवतोस?"

"माझा हात तीनशेचा हाय," तो म्हणाला. "बावीस वर्षांचा हात. चाळिसाचं करायला गेलो तर मीठच चुकतंय. करून बघितलं, कोणाला खाववलं नाय."

हे खरं होतं. मी ते चाळिसाचं जेवण जेवलो होतो.

आमच्या मेसला प्रत्येकाचं ताट वेगळं. स्टीलचं, कडेला आपला टोकन नंबर ठोकलेला. कोणी कोणाच्या ताटात जेवायचं नाही, धुवायचंही आपलं आपण. गेलेल्यांनी ताटं नेली नव्हती. ती मांडणीवर ओळीनं उभी होती. चाचा रोज संध्याकाळी त्यातली वीसेक खाली काढायचा आणि टेबलावर मांडून वाढून ठेवायचा. रोज वेगळी वीस. मी विचारलं तर म्हणाला, "एअरपोर्टावर लोक आठ आठ दिवस पडून हायेत. विमान नाय भेटलं तर परत येतील. दारातून माणूस भुकेला आला आणि ताट पालथं असलं, हे माझ्या मेसला व्हायचं नाय."

कोणी परत आलं नाही. ताटं भरलेली, वाफ निघते आहे, समोर बाक रिकामे. आम्ही एकोणचाळीस जण एका कोपऱ्यात जवळ जवळ बसून जेवायचो आणि त्या बाजूला बघायचं टाळायचो. जेवण झालं की चाचा ताटं उचलायचा. थोडं मांजरांना, थोडं वाळवंटातल्या एका म्हाताऱ्याच्या शेळ्यांना. उरलेलं फेकताना त्याचा चेहरा मला बघवायचा नाही. आमच्या घरी आई शिताचा दाणा खाली पडला तर उचलून डोळ्याला लावायची.

नोव्हेंबरच्या अखेरीस एका संध्याकाळी रेडिओवर बातमी आली की इराकला कुवेत सोडायला जानेवारीच्या मध्यापर्यंतची मुदत दिली आहे. आता लढाई होणार हे नक्की झालं. मी माझी काकडी आणि डाळ संपवली आणि उठायच्या ऐवजी तिकडे सरकून बसलो. समोर एकशे बारा नंबरचं ताट होतं. त्यात भात, मटण, वर तळलेला कांदा. एकशे बारा हा हैदराबादचा पाइप फिटर, अंगानं भला मोठा. त्याला एक सवय होती. जेवायला सुरुवात करायच्या आधी तो ताटाच्या कडेवर बोटानं दोनदा ठोकायचा. टक टक. मी ते ताट खाऊन संपवलं. चाचा पातेलं घासत होता. त्यानं बघितलं. त्याच्या तोंडावर आनंद दिसला, आणि त्या आनंदानं माझा घात केला.

दुसऱ्या दिवशी दोन ताटं. मी स्वतःला सांगायचो की मी खात नाहीये, फेकायचं वाचवतोय. भीती वाटत होती का? होती. जानेवारीत लढाई लागली. सायरन व्हायचे, आम्ही विषारी वायूच्या भीतीनं खिडक्यांना प्लास्टिक लावून चिकटपट्टी मारलेल्या खोलीत बसायचो. आमच्या वाट्याला मास्क आले ते मोजके, बाकीच्यांनी ओला टॉवेल तोंडाला धरायचा. जिवंत बाहेर आलो की मला भूक लागायची. साधी नाही, आतून कोणी हात घालून ओढावं तशी. मी सरळ मेसमध्ये जायचो आणि रिकाम्या बाकांच्या ओळीत बसायचो. नव्वद नंबर, दोनशे चार, सतरा.

हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. मला लोणचं कधी आवडलं नाही, पण सतरा नंबरच्या ताटावर बसलो की मी लोणचं मागायचो. सतरा नंबरला लोणच्याशिवाय घास उतरायचा नाही. दोनशे चारच्या ताटात भात मी डावीकडे सारून ठेवायला लागलो. आणि एकदा मी जेवायला बसलो, तर माझंच बोट ताटाच्या कडेवर दोनदा वाजलं. टक टक. मी बोटाकडे बघत राहिलो. ताट एकशे बाराचं नव्हतं, माझं होतं.

कपडे होईनासे झाले. माझी डांगरी, म्हणजे कामाचा तो एकसंध पोशाख, पुढून बंद होईना. नवी मागायची तर स्टोअरकीपरही गेलेला. मी एकशे बाराच्या खोलीत गेलो आणि त्याच्या खिळ्यावरची डांगरी घालून आलो. छातीवर त्याचा नंबर. आमच्या गेटावरचा पहारेकरी एक म्हातारा येमेनी, त्याला दिसायचं कमी. तो नंबर वाचून वहीत खूण करायचा. महिनाभर त्याच्या वहीत मी कामावर गेलोच नाही, एकशे बारा रोज जात होता. मी त्याला सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं की वाटायचं, कोणाचं नाव सांगू?

काट्यावर मी गेलो नाही. वर्कशॉपमध्ये कडीखालून जाताना डोकं खाली घालायचो. शनिवारचा रिवाज माणसं नसल्यामुळे बंद पडला होता, ते मला बरंच वाटत होतं. वारा असला की ती कडी हलायची, आणि वारा नसतानाही हलायची. बाराशे वेळा मी स्वतःला सांगितलं असेल की उद्यापासून परत काकडी. पण पहिल्या वेळी मला हसायला सगळा कॅम्प होता. माझा हट्ट कोणावर तरी असतो, तो हवेत उभा राहत नाही. आता हसायला कोणी नव्हतं.

फेब्रुवारीत समुद्रावर तेल आलं. काठावरचे काळे पक्षी आणखी काळे होऊन चालत होते, उडत नव्हते. मग कुवेतच्या पेटलेल्या विहिरींचा धूर वाऱ्याबरोबर आमच्याकडे खाली यायला लागला. भर दुपारी सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसायचा, त्याच्याकडे उघड्या डोळ्यानं बघता यायचं. गाड्या दुपारी बारा वाजता दिवे लावून चालायच्या. चाचाच्या भातावरसुद्धा काजळीचे कण पडायचे. माणसं हळू बोलायची, आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तशी.

अशात फोरमन माझ्याकडे आला. एका व्हेसलच्या आतला आधाराचा जोड फुटला होता. टाकी रिकामी करून, धुवून, हवा तपासून तयार ठेवलेली. आत जाणारे वेल्डर सगळे गेलेले. त्यानं विचारलं, "उस्ताद, जाओगे? पहले रिंग करो."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलंच नसेल असं नाही. पण तो रात्र रात्र जागत होता, त्याचेही डोळे धुरानं लाल. मी म्हटलं, "कल सुबह रिंग."

आणि मी जे केलं ते वेल्डरच करू शकतो. सगळे जेवायला गेले तेव्हा मी ती कडी काढली. एका जागी कापली, मध्ये तेवढ्याच जाडीची चार बोटं पट्टी घातली, दोन्ही बाजूंनी जोडली, ग्राइंडर मारला, परत गोल ठोकली आणि जुन्या ग्रीसचा हात फिरवला. वर्तुळाचं गणित मला शाळेत कोणी शिकवलं नाही, पट्टी वाकवून वाकवून मी शिकलो. घेरात चार बोटं वाढली की आतला गोल इंचभर वाढतो. जोड मी असा मारला की बोट फिरवून कोणाला कळू नये. त्या महिन्यात एवढं चांगलं काम मी दुसरं केलं नव्हतं.

सकाळी फोरमन आणि चाचा, दोघांनी कडी ओढली. पोट आत घेतलं. ती घासत घासत गेली, पण गेली. फोरमन म्हणाला, "ठीक है." त्याच्या आवाजात शंका होती की दमणूक, मला कळलं नाही.

आत माणूस असताना मॅनहोलबाहेर एक माणूस कायम लागतो. तो तिथून हलत नाही. आतल्याची दोरी त्याच्या हातात. मधूनमधून तो बाहेरून पत्र्यावर दोनदा ठोकतो, आतल्यानं दोनदा ठोकून उत्तर द्यायचं, म्हणजे जिवंत आहे. त्या दिवशी माणूसच नव्हता म्हणून चाचाला बसवलं. नियमात बसत नव्हतं, तेव्हा काहीच नियमात बसत नव्हतं.

सकाळचे दहा असतील, पण उजेड दिवेलागणीचा. चाचानं माझ्या कमरेला दोरी बांधली आणि पाठीवर थोपटलं. "जा भावा. लवकर ये. आज खीर हाय."

मी डोकं आणि उजवा हात आत घातला, खांदे तिरके केले, गेलो. छाती गेली. मग पोट आलं. कडी ही नुसती कडी असते, दोन बोटं रुंद. खऱ्या मॅनहोलला हातभर लांब गळा असतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही, शंभर वेळा त्यातून गेलो होतो. पण स्वतःला फसवायला बसलेल्या माणसाला माहीत असलेलंच आठवत नाही. पोट त्या गळ्यात बसलं. पुढे सरकेना. मागे सरकायला गेलो तर डांगरी गोळा होऊन पाचर बसली.

अर्धा मी आत, अर्धा बाहेर. आत काळोख, माझ्या हातातल्या दिव्याचा एक ठिपका लांबच्या पत्र्यावर. टाकीत श्वास सोडला की तो लांब जातो आणि परत येतो. माझा श्वास जायचा आणि थोड्या वेळानं दुसरा कोणीतरी घेतल्यासारखा परत यायचा. मी श्वास धरला. तरी तो एकदा आला.

तेवढ्यात बाहेर सायरन सुरू झाला. आतून तो फार लांबचा वाटला, पाण्याखालून ऐकावा तसा. मी ओरडलो, "चाचा, तू जा." माझाच आवाज आतून फिरून माझ्या तोंडावर आला, जा, जा. आणि त्याच्यामागून, टाकीच्या अगदी त्या टोकाकडून, दोनदा आवाज झाला. टक टक.

चाचानं बाहेरून ठोकलं असेल, असं मी समजलो. उत्तर द्यायला मोकळा हात उचलला. पण उत्तर दिलं नाही. ते बोटाचं ठोकणं होतं. ताटाच्या कडेवर ठोकावं तसं, जेवण सुरू करण्याआधीचं. मला त्या क्षणी खात्रीनं वाटलं की पलीकडे काळोखात कोणीतरी बसलं आहे आणि मी वाढलेला आहे.

मग माझे घोटे कोणीतरी मघापासून धरून आहे हे मला कळलं, आणि चाचाचा आवाज पायाकडून आला, अगदी शांत. "श्वास सोड. सगळा सोड. पोटात काय पण ठेवू नको."

"तू खोलीत जा."

"तुझी तंगडी सोडून? गप. सोड श्वास."

मी सोडला. सगळा. इतका की डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यानं ओढलं. कातडं सोललं, कापड फाटलं, आणि मी बाहेर वाळूवर येऊन पडलो. सायरन चालूच होता. आम्ही दोघं टाकीला टेकून बसलो, कुठे गेलो नाही. जायची ताकदच नव्हती. काळ्या आभाळात काही दिसलं नाही. बऱ्याच वेळानं सगळं ठीक असल्याचा भोंगा झाला.

मी विचारलं, "चाचा, मघाशी तू दोनदा ठोकलंस ना?"

"कवा?"

"सायरन झाल्यावर."

"माझे दोन्ही हात तुझ्या पायाला होते," तो म्हणाला. "ठोकू कशानं, दाढीनं?"

एकशे बाराचं पुढे काय झालं ते इथंच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याला भलतंच वाटेल. तो हैदराबादला ठणठणीत होता. वर्षानं परत आला आणि पहिला प्रश्न त्यानं मला केला तो आपल्या डांगरीचा. त्याच्या भुताचा यात काही संबंध नाही. तरी तो आवाज मी ऐकला, आणि कोणी कितीही समजावलं तरी ऐकला हे मी सोडणार नाही.

फोरमन संध्याकाळी वर्कशॉपमध्ये कडीपाशी उभा होता. कडेवरून बोट फिरवत होता. एका जागी थांबला, परत मागे आला, नखानं बघितलं. मी समोरच होतो, पोटाला पट्टी बांधलेली. तो रागवेल म्हणून मी तयार होतो. रागावला असता तर मला फार सोपं झालं असतं.

तो म्हणाला, "जॉइंट बहुत अच्छा मारा है, उस्ताद."

आणि गेला.

मी तिथंच उभा राहिलो. मग ग्राइंडर लावला आणि माझाच तो जोड दोन्हीकडून कापला. चार बोटांचा तुकडा खाली पडला. कडी परत अठराची केली. या वेळचा जोड मुद्दाम घासला नाही, दिसू दे म्हणून तसाच जाडा ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोरमनच्या केबिनमध्ये गेलो आणि जे आयुष्यात कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "मैं नहीं समाता."

"कितना टाइम लगेगा?"

"पाच महिना."

"टाकी पाच महिना नहीं रुकेगा."

"मालूम है," मी म्हटलं. "दुसरा आदमी लाओ. मैं बाहर बैठूंगा."

बाहेर बसायला मीच तयार झालेला त्यानं कधी पाहिला नव्हता. मीही नव्हता.

पण कठीण ते नव्हतं. कठीण ते मेसमध्ये होतं. मी चाचाला म्हटलं, "उद्यापासून ती ताटं मांडू नको."

त्याचा हात देगचीत थांबला. "तुला खायचं नाय तर खाऊ नको. ताटांनी तुझं काय बिघडवलं?"

"ती भरलेली असली की मी बसतो. मी मला ओळखतो."

"आणि ती रिकामी ठेवली म्हणजे काय झालं, कळतंय? म्हणजे मी म्हटलं की ते यायचे नायत."

"ते यायचे नाहीतच, चाचा. घरी पोचले ते. जेवले असतील."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते धुराचं म्हणून त्यानं बाहीनं पुसलं. त्याची दोन मुलं बहरीनला होती आणि महिनाभर त्यांची खबर नव्हती, हे मला तेव्हा आठवलं. एवढे दिवस त्याच्या हातचं जेवत होतो आणि एकदाही विचारलं नव्हतं. मी मांडणीवरून माझं ताट काढलं, त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि म्हटलं, "तू मुलांसाठी दोन मांड. त्यांच्यासमोर मी बसणार नाही. बाकीच्यांचं राहू दे."

त्यानं दोन मांडली. त्या आठवड्यापासून तो भात चाळिसाचा करायला लागला. मीठ पंधरा दिवस चुकत होतं. खारट भात कमी जातो, माझा फायदाच झाला. काट्यावर उभा राहिलो तर पंच्याण्णव. बावीस किलोंतले एकवीस परत आलेले. आकडा बघून वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पहिल्या वेळी उपास करताना मला वाटायचं की मी जिंकतो आहे. दुसऱ्या वेळी तसं काही वाटत नाही. एकदा उतरून परत चढलेल्या माणसाला माहीत असतं की हे उतरणं कायमचं नाही. त्यानंतर मी आणखी दोनदा चढलो आणि दोनदा उतरलो, आज पंच्याहत्तरी उलटली तरी ते चालूच आहे, आणि कोणी विचारलं तर सांगतो की पाचव्यांदाही उतरेन. पण ती दुसरी वेळ सगळ्यांत जड होती.

लढाई थांबली. विहिरी जळतच होत्या. मार्चमध्ये एक वेल्डर परत आला, आझमगडचा, काटकुळा, माझ्या हाताखाली शिकलेला. ती टाकी त्याला दिली. त्या दिवशी मी मॅनहोलबाहेर स्टुलावर बसलो, दोरी मनगटाला गुंडाळून. तो गळ्यातून पाण्यासारखा आत गेला. मी बघितलं, मान फिरवली नाही.

दुपारचं आभाळ तपकिरी होतं. उपासाचा तो नववा दिवस, आणि नवव्या दिवशी भूक ओरडत नाही, ती शेजारी येऊन बसते. चाचानं कोणाच्या तरी हाती माझं ताट पाठवलं होतं. अर्धा खुबूस, डाळ, काकडी. कोपऱ्यात वाटीभर खीर. त्यानं ती विसरून ठेवली नव्हती, ते मला पक्कं माहीत आहे. त्याला बघायचं होतं.

आत वेल्डिंगचा निळा उजेड लागत होता, विझत होता. मी पत्र्यावर दोनदा ठोकलं. थोडा वेळ काहीच आलं नाही. मी दोरी ताणली, उभा राहिलो, कान गळ्याला लावला. आतला काळोख तसाच होता, श्वास घेणारा.

मग दोनदा आलं. आणि मागून त्याचा आवाज, "उस्ताद, हो ना बाहर?"

"हूं," मी म्हटलं. "जोड धीरे मार. जल्दी नहीं है."

काकडी खाल्ली, डाळ खाल्ली, खुबूस चावून चावून संपवला. खिरीवर काजळीचा एक कण येऊन बसला, मग दुसरा. मी ती वाटी स्टुलाखाली सरकवली नाही, झाकली नाही. समोरच राहू दिली आणि पाच वाजेपर्यंत तिच्याकडे बघत दोरी धरून बसलो.